क्रिएटिनिन वाढण्याची वाट कशाला पाहायची?

साखर तापली की काय होते, हे कोल्हापूरकरांना शिकवायला नको. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की त्याचा रंग कसा पालटत जातो, हे इथल्या माणसाने लहानपणापासून पाहिलेले असते. शेजारच्या बेळगावात दूध आटवून कुंदा करतात, तो तपकिरी का होतो? तव्यावरच्या भाकरीला खरपूस डाग का पडतात? या सगळ्यात ज्या क्रिया घडतात, त्यातली एक महत्त्वाची क्रिया लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र तापले की साखर त्यांना चिकटते. पुढे या जोडीत आणखी बदल होत जातात आणि शेवटी तपकिरी, खमंग पदार्थ तयार होतात. मायारचे सुरुवातीचे काम लघवीतील रसायनांवर होते, ही गोष्ट आजच्या विषयाला साजेशीच म्हणायची.

हीच क्रिया आपल्या शरीरातही चालते. तिथे चूल नसते, तापमान जेमतेम ३७ अंश असते, म्हणून ती अतिशय संथ असते. पण तिला वेळ भरपूर मिळतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली तर शरीरातील प्रथिने हळूहळू ‘खरपूस’ होत जातात. पदार्थाला यामुळे चव येते, शरीरातील प्रथिनाचे मात्र काम बिघडते. याचा मोठा फटका बसणाऱ्या अवयवांपैकी एक म्हणजे मूत्रपिंड, ज्याला आपण सगळे किडनी म्हणतो.

आज या रसायनशास्त्राविषयी लिहायचे कारण व्यवहारातले आहे. किडनीचा जुनाट आजार आपण फार उशिरा ओळखतो. क्रिएटिनिन वाढले, अंगावर सूज आली, धाप लागली की रुग्ण दवाखान्यात येतो. तोपर्यंत नुकसानीचा बराच भाग कायमचा होऊन बसलेला असतो. हे नुकसान कसे होते ते समजून घेतले, तर तपासणी कधी करायची आणि सरकारने पैसा कुठे घालायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

प्रथिनांची रोजनिशी

मधुमेहाच्या रुग्णांना ‘तीन महिन्यांची साखर’ ही तपासणी माहीत असते. अहवालात तिला एचबीएवनसी म्हणतात. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिनच. त्याच्यावर किती साखर चिकटली आहे, हे ही तपासणी सांगते. मधुमेहींच्या रक्तात हे वेगळे हिमोग्लोबिन जास्त असते, हे तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल राहबर यांनी १९६८ मध्ये दाखवले. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सापडतो.

आता थोडा पुढचा विचार करा. तांबडी पेशी चार महिन्यांत मरते, तिच्याबरोबर तो हिशेबही पुसला जातो. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे आयुष्य त्याहून कमी, काही आठवड्यांचे. पण त्वचा, रक्तवाहिन्या आणि किडनीची चाळणी यांचा सांगाडा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, ते वर्षानुवर्षे टिकते. त्याच्यावर चिकटलेली साखर सुटत नाही. तिच्यात बदल होत होत ती दोन शेजारच्या धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकते. मऊ सुती दोरी पाकात बुडवून वाळवली तर जशी कडक होईल, तसे काहीसे या सांगाड्याचे होते.

याचा पुरावा एका मोठ्या अभ्यासातून मिळाला. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप वन मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्या रुग्णांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, बाकीच्यांवर त्या काळचे नेहमीचे उपचार केले. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांतील साखर जवळपास सारखी झाली. मग फरकही पुसला जायला हवा होता. तसे झाले नाही. सुरुवातीची काही वर्षे ज्यांनी साखर सांभाळली होती, त्यांच्यात किडनीचे काम लक्षणीय घटण्याचा धोका पुढे दीर्घकाळ निम्म्यावर राहिला. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. याच रुग्णांच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा कोलॅजनवर जितकी साखर जास्त चिकटलेली, तितकी पुढची गुंतागुंत जास्त, असेही दिसले. शरीर जुनी साखर विसरत नाही, असा त्याचा अर्थ.

चाळणी कशी बिघडते

आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म चाळण्या असतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषला जाऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. चाळणीचे काम दुहेरी आहे: टाकाऊ पदार्थ जाऊ द्यायचे, पण अल्ब्युमिनसारखी कामाची प्रथिने रोखून धरायची.

चाळणीच्या पडद्यातील कोलॅजनवर साखर चढत गेली की पडदा जाड होतो, तरीही त्याची राखण सैल पडते. साखर चढलेल्या या प्रथिनांना ओळखणारे ग्राहक रेणू पेशींवर असतात. ते चाळवले गेले की दाह सुरू होतो आणि दाह बरा होताना जसा व्रण राहतो, तसे तंतू किडनीत साठू लागतात. त्यात रक्तदाब वाढलेला असेल तर चाळणीवरचा ताण आणखी वाढतो. भर म्हणजे ही बिघडलेली प्रथिने मोडून त्यांचे तुकडे बाहेर टाकण्याचे काम किडनीचेच असते. ती थकली की तुकडे रक्तात साठतात आणि शिल्लक चाळण्यांवर हल्ला करतात. आजारातून आजार वाढत जातो.

या साऱ्या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते. क्रिएटिनिनही बऱ्याचदा अहवालातल्या सामान्य मर्यादेत असते, कारण साधारण निम्मे काम गेल्यानंतरच ते त्या मर्यादेबाहेर जाते. पहिली खूण वेगळीच असते: लघवीतून अल्ब्युमिन झिरपू लागते. सुरुवातीला इतके थोडे, की फेसही दिसत नाही.

पुण्यातले एक संशोधन

अल्ब्युमिनचे झिरपणे दुहेरी महागात कसे पडते, हे समजायला पुण्यात झालेले काम उपयोगी आहे. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी साखर चिकटलेल्या प्रथिनांचा अनेक वर्षे अभ्यास करीत आहेत. २०१२ मध्ये या गटाने दाखवले की, मधुमेहात ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन कमी असते, त्यांच्या रक्तातील इतर प्रथिनांवर आणि हिमोग्लोबिनवर साखर जास्त चिकटलेली असते. अल्ब्युमिन हे रक्तद्रवातील सर्वात मुबलक प्रथिन. साखरेचा पहिला मारा ते स्वतःवर घेते आणि बाकीच्यांना आडोसा देते. घरातल्या थोरल्या भावासारखेच म्हणा.

आता हा थोरला भाऊच लघवीवाटे घराबाहेर पडू लागला तर? किंवा पोटाला पुरेसे प्रथिन न मिळाल्याने मुळातच अशक्त असेल तर? आपल्याकडे मधुमेह फक्त सुखवस्तू घरांत राहिलेला नाही. ऊसतोड करणारा, हमाली करणारा, सूतगिरणीत राबणारा माणूसही मधुमेही असतो आणि त्याच्या ताटात डाळ पातळ असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब आहे. किडनीच्या जुनाट आजाराची ही दोन सर्वांत मोठी दारे आहेत.

युरियाचा दुसरा चेहरा

साखर हा पहिला मारेकरी. किडनी अशक्त झाली की दुसरा पुढे येतो, आणि तो मधुमेह नसलेल्या रुग्णालाही सोडत नाही. त्याचे नाव युरिया. आपल्याला तो खताच्या पोत्यामुळे परिचित आहे. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्यांना आठवेल, १८२८ मध्ये फ्रिडरिख व्होलर याने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. ही क्रिया उलटही चालते, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. पाण्यात विरघळलेल्या युरियाचा अगदी अल्पसा अंश सतत सायनेटमध्ये बदलत असतो. हे सायनेट प्रथिनांना चिकटते. या क्रियेला कार्बामायलेशन असे अवघड नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल. साखरेसारखाच युरियाही प्रथिनांवर आपला ठसा उमटवतो आणि तो ठसा पुसता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

निरोगी माणसाच्या रक्तात युरिया थोडाच असतो, म्हणून ठसेही थोडे. किडनी निकामी झाल्यावर युरिया कित्येक पट वाढतो. त्यात धूम्रपानाची भर पडते. बिडी-सिगारेटच्या धुरातून शरीरात थायोसायनेट वाढते आणि दाह असलेल्या जागी त्यापासूनही सायनेट तयार होते, असे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर असे ठसे पडले की ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जास्त साठतात. किडनीच्या रुग्णाचा मृत्यू बहुतेक वेळा किडनीमुळे होत नाही, हृदयविकाराने होतो. त्यामागच्या कारणांपैकी हे एक असावे. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकावर प्रयोगशाळेत असा बदल घडवला, तर त्याचा रक्त तयार करण्याचा गुणच जातो.

२०१३ मध्ये बोस्टनच्या अँडर्स बर्ग, अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या रुग्णांमध्ये अल्ब्युमिनवरचे हे ठसे मोजले. ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. सायनेट किती उपद्रवी ठरू शकते, याचा एक जुना दाखलाही आहे. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल हा आजार अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकात परदेशात त्यावर औषध म्हणून सायनेट देऊन पाहिले होते. नसा बिघडू लागल्या, डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले, आणि तो उपचार सोडून द्यावा लागला.

डायलिसिस हवेच, पण

मग डायलिसिसने हे सगळे धुऊन निघत नाही का? आठवड्यात १६८ तास असतात. तीन वेळा, प्रत्येकी चार तास डायलिसिस घेणारा रुग्ण बारा तास यंत्रावर असतो. उरलेले १५६ तास त्याच्या रक्तात युरिया पुन्हा साठत जातो. यंत्र रक्तातील युरिया काढते, प्रथिनांवर आधीच उमटलेले ठसे काढू शकत नाही. कोलॅजनवर चढलेली साखर तर त्याच्या आवाक्याबाहेरच असते.

माझ्या या बोलण्याचा अर्थ डायलिसिस कमी करा, असा कुणी लावू नये. ज्याला त्याची गरज आहे, त्याच्यासाठी ते जीवन आहे आणि एकही पाळी चुकवू नये. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही हा उपचार मिळतो. पूर्वी जमीन विकून डायलिसिस करावे लागे, ते दिवस काही प्रमाणात मागे पडले, याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही चंदगड किंवा शाहूवाडीच्या टोकाच्या गावातून येणाऱ्याला आठवड्यातले तीन दिवस प्रवास आणि यंत्र यांत घालवावे लागतात. त्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. मोफत उपचार रुग्णाला मोफत पडत नाही.

बिघडलेली प्रथिने सुधारणारे औषध काढता येईल का, याचे प्रयत्न झाले. अमिनोग्वानिडिन नावाचे औषध त्यासाठी रुग्णांवर तपासले गेले, पण अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. म्हणून ‘किडनी साफ करणारा काढा’ किंवा ‘प्रथिने शुद्ध करणारी’ कॅप्सूल कुणी विकत असेल तर पैसे घरीच ठेवावेत. चढलेला ठसा उतरवता येत नाही. नवे ठसे चढण्याचा वेग आणि चाळणीवरचा ताण मात्र कमी करता येतो, आणि त्याची औषधे आपल्याकडे आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या किडनीचे रक्षण करतात, हे १९९३ पासून आणि पुढे २००१ मधील मोठ्या चाचण्यांतून सिद्ध आहे. मधुमेहासाठी निघालेले डापाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेह नसलेल्या किडनी-रुग्णांनाही उपयोगी पडते, असे २०२० मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले. त्याच वर्षी त्याच्या पेटंटची मुदत भारतात संपली आणि त्याची किंमत बरीच उतरली. ही औषधे वेळेत सुरू झाली तर फायदा जास्त. आणि वेळेत सुरू व्हायची तर आजार वेळेत सापडायला हवा.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज ‘तीन महिन्यांच्या साखरे’चा. आकडा चांगला आला की रुग्ण निर्धास्त होतो. पण हिमोग्लोबिनवरचा हिशेब तांबड्या पेशीच्या आयुष्यावर अवलंबून असतो. किडनीच्या आजारात या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खरा आहे त्याहून कमी दिसू शकतो. रक्त चढवले असेल किंवा रक्तवाढीची इंजेक्शने चालू असतील तरी तसेच. उलट लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग असेल तर आकडा वाढीव दिसू शकतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, हे लक्षात घेता हा बारकावा किरकोळ नाही. म्हणून किडनीच्या रुग्णाचा हा अहवाल हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी ठेवून आणि घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी पाहूनच वाचायला हवा.

दुसरा गैरसमज ‘प्रथिन’ या शब्दाचाच. लघवीतून प्रथिन जाते असे डॉक्टर म्हणाले, की घरचे लोक डाळ, अंडी, दूध, मटण सगळे बंद करतात. लघवीतून जाणारे प्रथिन हे गळती आहे, ती जेवणातले प्रथिन ‘जास्त झाल्याने’ होत नाही. किडनी अशक्त असताना प्रथिनांचा अतिरेक टाळावा, हे खरे. डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिन सुचवले जाते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. हे उपासमारीचे प्रमाण मुळीच नाही, आपल्याकडच्या अनेक घरांत तेवढेही पोटात जात नाही. रोज तांबड्या-पांढऱ्या रश्शासोबत मटणाचे ताट ओढणाऱ्याने हात आखडता घ्यावा, पण आमटी-भाकरीवर जगणाऱ्याने आमटी सोडू नये. डायलिसिस सुरू झाल्यावर तर गरज वाढते, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास. इथे रसायनशास्त्रही साथ देते. रक्तात अमिनो आम्ले पुरेशी असली तर सायनेट त्यांच्यावर खर्च होते आणि प्रथिनांवरचे ठसे कमी पडतात, असे छोट्या अभ्यासातून दिसले आहे. आपल्यासाठी नेमके किती, हे आपल्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. शेजाऱ्याच्या आहाराचा कागद आपल्या उपयोगाचा नसतो.

पैसा कुठे घालायचा

आता मुद्द्यावर येतो. तीस वर्षांवरील नागरिकांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे चालू आहे. आशाताई घरोघरी जाऊन नोंदी करतात, हे काम मोठे आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजारही या कार्यक्रमाच्या कक्षेत आणला गेला आहे. परंतु कक्षेत असणे आणि प्रत्यक्ष तपासणी होणे यांत अंतर असते. मधुमेह सापडला, गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याला साखर पाहिली जाते; लघवीतील अल्ब्युमिन पाहायचे राहून जाते. सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा येतानाच डायलिसिसच्या दारात पोहोचलेला चाळिशी-पन्नाशीचा माणूस मी नोकरीच्या इतक्या वर्षांत वारंवार पाहिला आहे. त्याच्याकडे साखरेच्या अहवालांची जाडजूड पिशवी असते. लघवीच्या तपासणीचा एक कागद मात्र त्यात सापडत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, नोंदणी झालेल्या प्रत्येक मधुमेही आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णाची वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी सक्तीची करावी. सक्ती रुग्णावर नको, यंत्रणेवर हवी. लघवीचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येतो आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्याला उपाशीपोटी यावे लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. क्रिएटिनिनच्या आकड्याखाली वय आणि लिंग धरून काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज प्रत्येक अहवालात छापून यावा. त्याला एका ओळीच्या शाईपलीकडे खर्च नाही. आणि तपासणीत दोष सापडला तर रक्षक गोळ्या त्याच केंद्रात, खंड न पडता मिळाव्यात. तपासून गोळ्या न देणे म्हणजे रुग्णाला नुसती चिंता देणे.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. केंद्रांत माणसे कमी आहेत, आणखी एक तपासणी लादली तर आधीची कामे मागे पडतील. म्हणूनच मी सरसकट सगळ्या गावाची तपासणी मागत नाही. ज्यांची नोंद आधीच आहे आणि जे दर महिन्याला गोळ्यांसाठी येतातच, तेवढ्यांचीच मागतो. दुसरा आक्षेप, ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा अतिश्रमानंतरही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते, मग लोक उगाच घाबरतील. खरे आहे. त्यामुळे एका अहवालावर कुणाच्या कपाळी आजार लिहू नये. तीन महिन्यांच्या काळात पुन्हा तपासून खात्री करावी, हा नियमच आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. एका बाजूला वर्षातून एकदा एक नमुना आणि रोजची एक-दोन गोळी, दुसऱ्या बाजूला वर्षाला दीडशेच्या वर डायलिसिस. हा हिशेब मांडायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. अडचण एवढीच आहे की डायलिसिसच्या यंत्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. लघवीच्या डबीचे उद्घाटन कुणी करत नाही.

आपल्या हातात काय

सरकार करील तेव्हा करील. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वाचकांनी या महिन्यात एक काम करावे. आपल्या जुन्या अहवालांत लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आहे का, ते शोधावे. नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन हे साधारणपणे ठीक. ३० ते ३०० च्या दरम्यान असेल तर हीच ती वेळ, जेव्हा उपचाराचा सर्वाधिक उपयोग होतो. साध्या पट्टीची तपासणी केवळ मोठी गळती पकडते, सुरुवातीची सुटून जाते, हेही ध्यानात असू द्यावे. घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला किडनीचा आजार असेल तर मधुमेह नसतानाही एकदा तपासून घ्यावे.

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनोन्महिने खाणे थांबवावे. अशक्त किडनीला तो मोठा घाव असतो. बिडी-सिगारेट सोडण्याचे एक कारण आता वाढले आहे. रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून बंद करू नये, कारण या आजारात बरे वाटणे हा कसलाच पुरावा नसतो.

मधुमेहाच्या प्रत्येक केसपेपरवर साखर आणि रक्तदाब यांच्यासाठी रकाने आखलेले असतात. त्यांच्या शेजारी ‘लघवीतील अल्ब्युमिन’ असा तिसरा रकाना आखायचा आणि तो रिकामा ठेवायचा नाही, एवढी सुधारणा करायला जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला मुंबई-दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागू नये.